पणजोबांचं नाव सातबाऱ्यावर सापडत नाही? नाव सोडा, जमीन धरा

आजोबांपर्यंत सगळं नीट सापडतं आणि त्यांच्या वडिलांपाशी येऊन गाडी अडते. जात पडताळणीची वंशावळ असो, वारसाचा दावा असो की नुसती हौस, तक्रार हीच: ‘तहसीलला दोनदा जाऊन आलो, नाव नाही म्हणतात.’

नाव नसतं असं क्वचितच होतं. महसुली दफ्तर नावानं लावलेलंच नसतं. ते गाव, सर्व्हे नंबर आणि फेरफार (जमिनीचा हक्क बदलल्याची नोंद) क्रमांक अशा क्रमानं लावलेलं असतं. ‘गणपत कुठं आहे?’ या प्रश्नाला रेकॉर्ड रूममधला कारकून उत्तर देऊ शकत नाही. ‘सर्व्हे नंबर २३ हिस्सा २ चा १९३० च्या सुमाराचा उतारा आणि त्यावरचे फेरफार’ म्हटलं, तर तो उठून गठ्ठा काढतो. त्यामुळे शोध नावावरून न करता जमिनीवरून करायचा. जमीन मागं मागं नेत गेलात की नावं तिच्यासोबत येतात.

जनगणनेत नाव शोधत असाल तर

इंग्लंड-अमेरिकेतल्या वंशावळींचे व्हिडिओ पाहून अनेक जण ‘१८८१ ची जनगणना कुठं मिळेल?’ असं विचारतात. तिकडं नावानिशी याद्या खुल्या आहेत, आपल्याकडं नाहीत. १८७२ ची पहिली मोजणी आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी झालेली जनगणना आपल्याला मिळते ती फक्त आकड्यांत: गावाची लोकसंख्या, घरं, जातवार बेरजा. आकडे काढून झाल्यावर नावांच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ मुळे नंतरच्या नोंदी पाहायलाही मिळत नाहीत, त्यामुळे माहिती अधिकारात अर्ज टाकून वेळ घालवू नका.

याला एकच मोठा अपवाद आहे: १९५१ चं राष्ट्रीय नागरिक रजिस्टर. त्या वर्षीच्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून गावोगाव ही वही उतरवून घेतली होती. घर क्रमांक, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, व्यवसाय असं सगळं त्यात ओळीनं असतं. ज्या तहसिलींत ती टिकली आहे तिथं ती सोनं आहे, कारण ही वही जमिनीवर अवलंबून नाही. शेतमजूर, विधवा, मुलंबाळं, सगळी एका घर क्रमांकाखाली दिसतात. मात्र वयांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. अंदाजे सांगितलेलं वय ५० किंवा ६० असं गोल आकड्यावर येतं. ‘वय ६०’ दिसलं तर जन्म १८९१ असं न लिहिता १८८५ ते १८९६ असा पट्टा धरा.

पहिली चूक गावातच होते

खुर्द आणि बुद्रुक, वाडी आणि मूळ मौजे, कसबे आणि पेठ यांचं दफ्तर वेगवेगळं असतं. आजची स्वतंत्र ग्रामपंचायत शंभर वर्षांपूर्वी शेजारच्या मौज्याची वाडी असू शकते आणि तिच्या सगळ्या नोंदी त्या मौज्याच्या नावानं निघतात. १९५१ ची जिल्हा जनगणना पुस्तिका काढून गावांची यादी पाहा. तुमची वाडी यादीत नसेल तर ती कोणाच्या पोटात होती ते आधी ठरवा. इथं मात्र जनगणना खरोखर कामाला येते.

जिल्हे-तालुकेही बदलले आहेत. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९६० पर्यंत दक्षिण सातारा होता, शिवाय जत, मिरज, सांगली ही संस्थानं वेगळी. जालना आणि सिंधुदुर्ग १९८१ चे, लातूर आणि गडचिरोली १९८२ चे, नंदुरबार आणि वाशीम १९९८ चे, हिंगोली आणि गोंदिया १९९९ चे, पालघर २०१४ चा. नवा जिल्हा झाला म्हणून सगळं जुनं दफ्तर हलवलं जातंच असं नाही. जालन्याच्या गावाचा कागद छत्रपती संभाजीनगरला आणि सिंधुदुर्गातल्या गावाचा रत्नागिरीला असण्याची शक्यता धरूनच निघा. संस्थानी गावांसाठी कोल्हापूर पुरालेखागार विसरू नका.

कोयना, उजनी, जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचं वेगळंच. तिथं भूसंपादनाचा निवाडा मागा. पैसे वाटायचे असल्यामुळे निवाड्याच्या तक्त्यात प्रत्येक हिस्सेदाराचं नाव असतं. सातबाऱ्यावर एकट्या कर्त्याचं नाव असलं तरी मोबदल्याच्या यादीत त्याचे भाऊ, पुतणे, विधवा भावजय सगळे येतात.

मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांची अडचण याच जातीची. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदींत नाव, बापाचं नाव, जिल्हा आणि गाव मिळू शकतं, पण गावाचं नाव कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. ते मोठ्यानं वाचून पाहा, जवळपासच्या उच्चाराची सगळी गावं काढा आणि त्यातली जिल्ह्यात बसणारी तेवढी ठेवा.

गट नंबरावरून मागं गेलात आणि भलत्याच घराण्यात पोचलात

ही सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत कमी लक्षात येणारी गडबड. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्यानुसार अनेक गावांत एकत्रीकरण योजना झाली. सर्व्हे नंबर आणि हिस्से जाऊन गट नंबर आले. पण ही नुसती आकड्यांची अदलाबदल नव्हती, जमिनींचीही झाली. विखुरलेले तुकडे एकत्र करताना एकाचा तुकडा दुसऱ्याला आणि त्याचा याला दिला गेला. म्हणून आज तुमच्या वहिवाटीत असलेल्या गटाखालचा जुना सर्व्हे नंबर तुमच्या पणजोबांचा असेलच असं नाही. त्याचे फेरफार मागं नेत गेलात तर तुम्ही शेजाऱ्याची वंशावळ काढून बसाल.

उपाय: भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून योजनेचा ९(३) आणि ९(४) चा उतारा घ्या. तो गट नंबरावरून न वाचता खातेदाराच्या नावावरून वाचा. योजनेपूर्वी या खातेदाराकडं कोणते सर्व्हे नंबर आणि हिस्से होते ते त्यात सापडतं. ते नंबर वहीत उतरवून घ्या. इथून मागचा प्रवास त्या नंबरांवरून करायचा. ज्या गावात योजना झाली नाही तिथं हा टप्पा नाही, सर्व्हे नंबर तसाच मागं जातो.

विकत घेतलेल्या जमिनीचंही तसंच. खरेदीच्या फेरफारापलीकडं गेलात की विकणाऱ्याचं घराणं सुरू होतं. कुळकायद्यानं मिळालेली जमीन असेल, म्हणजे १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कलम ३२-ग खाली किंमत ठरून मिळालेली, तर त्यापलीकडं मूळ मालकाचे पूर्वज दिसतील. तुमचे पूर्वज मात्र त्याच उताऱ्यावर इतर हक्कात कूळ म्हणून किंवा पीकपाहणीत कसणारा म्हणून दिसतात. म्हणून एकाच जमिनीवर भिस्त ठेवू नका. कुटुंबाच्या सगळ्या जमिनींची यादी करा आणि त्यातली वडिलोपार्जित कोणती ते आधी ठरवा. घरात कोणालाच माहीत नसेल, तर ज्या जमिनीत खरेदी, कूळ, बक्षीस असा एकही फेरफार नाही, नुसते वारस आणि वाटप आहे, ती धरा.

फेरफाराची साखळी कशी ओढायची

हस्तलिखित सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. ज्या नावाला कंस केलाय ते कमी झालेलं नाव, आणि नेमकं तेच तुम्हाला हवं असतं. संगणकीकृत उताऱ्यावर ते बहुधा दिसणार नाही. शिवाय साधारण दहा वर्षांनी सातबाऱ्याची नवी वही लिहिली जायची तेव्हा कंसातली नावं पुढं आणली जात नसत. म्हणून एकच उतारा काढून भागत नाही. एकाच सर्व्हे नंबराचे वेगवेगळ्या वह्यांतले उतारे काढा, जितके मिळतील तितके, आणि शेजारी शेजारी ठेवा. एका वहीत कंसाबाहेर असलेलं नाव पुढच्या वहीत गायब असेल तर त्या दोन वर्षांच्या मधला वारसाचा किंवा वाटपाचा फेरफार शोधायचा.

फेरफाराला, म्हणजे गाव नमुना ६ ला, चार रकाने असतात: नोंदीचा क्रमांक, हक्काचं स्वरूप, परिणाम झालेले भूमापन क्रमांक आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा. मजा दुसऱ्या रकान्यात आहे. नमुन्यादाखल अशी नोंद घ्या:

‘बाळा बिन राणू हा सुमारे दोन महिन्यांपूर्वी मयत. वारस मुलगे १) राणू २) धोंडू अज्ञान, व बायको सखू कोम बाळा. सर्व एकत्र सबब थोरला मुलगा राणू याचे नाव ए.कु.पु. म्हणून दाखल.’ तिसऱ्या रकान्यात २३/२ आणि ४१/१. चौथ्यात नोंद मंजूर, सही, तारीख.

दोन-तीन वाक्यांत किती मिळालं ते पाहा. तीन पिढ्या आल्या: आजा राणू, बाप बाळा, मुलगे राणू आणि धोंडू (‘अज्ञान’ म्हणजे अल्पवयीन). बाळाच्या मृत्यूचा महिना जवळजवळ कळला, म्हणजे मृत्यू नोंद कुठल्या वर्षाच्या वहीत शोधायची ते ठरलं. तुम्हाला माहीत नसलेला दुसरा सर्व्हे नंबर, ४१/१, हातात आला. आणि ४१/२ कोणाकडं आहे ते पाहिलं तर बहुधा बाळाचा भाऊ किंवा चुलतभाऊ निघतो, कारण हिस्से भाऊबंदांतच पडतात.

आणि धोंडू? तो इथून पुढं सातबाऱ्यावर दिसणारच नाही.

‘ए.कु.पु.’ने गिळलेला धाकटा भाऊ

एकत्र कुटुंब पुढारी, कुठं एकत्र कुटुंब मॅनेजर, कुठं कर्ता. लिहायची पद्धत गावागणिक वेगळी, परिणाम एकच: कागदावर थोरल्याचं नाव, बाकीचे भाऊ हक्क असूनही अदृश्य. ‘आमच्या पणजोबांच्या नावावर काहीच नव्हतं’ असं म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांचे पणजोबा धाकटे भाऊ होते, इतकंच.

अशा वेळी पणजोबांचं नाव मागं न शोधता पुढं शोधायचं. थोरला वारला तेव्हा किंवा भावांत वाटप झालं तेव्हा धाकट्याचं, किंवा तो नसेल तर त्याच्या मुलांचं, नाव अचानक वर येतं: ‘मयत धोंडू याचे वारस…’ त्यासाठी चुलत घराण्याचे फेरफार वाचावे लागतात. भावकीशी बोलणं बंद असेल तर या कामापुरतं तरी सुरू करा. निम्मे जुने कागद थोरल्या घरातल्या पेटीत असतात.

‘अ.पा.क.’ दिसलं तर अज्ञान पालनकर्ता. आईचं किंवा चुलत्याचं नाव मालक म्हणून न वाचता त्याच्याआधीचं अज्ञानाचं नाव वाचा.

बापाचं नावच जुळत नाही

दत्तक गेलेला माणूस दोन बापांच्या नावानं सापडतो. जन्माच्या नोंदीत ‘बिन तुकाराम’ आणि सातबाऱ्यावर ‘बिन गोविंदा’ असं दिसलं तर लगेच दोन माणसं धरू नका. गोविंदाच्या मृत्यूनंतरच्या वारस फेरफारात ‘दत्तक मुलगा’ हे शब्द आहेत का पाहा, आणि दुय्यम निबंधकाकडं दत्तकपत्राची नोंद आहे का तेही.

घरजावई असेल तर जमीन सासऱ्याकडून आलेली असते आणि मागच्या पिढीत आडनावच बदलतं. गाव एकाएकी परकं वाटू लागलं, भावकीत कोणीच सापडेना, की ही शक्यता तपासा.

जुन्या नोंदीत आडनाव नसणं हे तर नेहमीचंच. ‘राणू बिन बाळा’ आणि पुढं पाटील, माळी, कुणबी असं काहीतरी, किंवा तेही नाही. जोडशब्द लक्षात ठेवा: बिन किंवा वलद म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम किंवा जोजे म्हणजे अमक्याची बायको, भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. लक्षुमण आणि लक्ष्मण, केसू आणि केशव, रामा, रामजी आणि रामचंद्र हे एकच असू शकतात. घरात ‘तात्या’ म्हणून ओळखला जाणारा कागदावर कोण होता हे म्हाताऱ्या माणसांकडून आधीच काढून घ्या.

नाव सापडलं, पण तोच का?

नातवाला आज्याचं नाव ठेवण्याच्या रीतीमुळं राणू बाळा, बाळा राणू, परत राणू बाळा अशी माळ लागते. त्यात दोन भावांनी आपापल्या मुलाला आज्याचंच नाव ठेवलेलं असतं, म्हणजे एकाच वेळी गावात दोन ‘राणू’ हजर, कधी बापांचीही नावं सारखी. नुसतं नाव आणि बापाचं नाव जुळलं म्हणून वंशावळीत घालू नका. पडताळणी समितीपुढं अशा वंशावळी तिथंच कोसळतात.

जुळणी चार बाजूंनी करा. एक, सर्व्हे नंबर तोच का. दोन, भावाचं किंवा बायकोचं नाव तेच का. बायकोचं नाव जुळलं तर मोठा आधार. तीन, वयाचं गणित: बाप-लेकांत साधारण वीस ते चाळीस वर्षांचं अंतर बसलं पाहिजे. दोन नोंदींत साठ-सत्तर वर्षं दिसत असतील तर मधली एक पिढी गळाली आहे. चार, खरेदीखत किंवा गहाणखत असेल तर चतुःसीमा. पूर्वेस अमक्याची जमीन, दक्षिणेस ओढा. शेजारी बदलत नाहीत तोवर माणूसही तोच. यातल्या किमान दोन बाजू जुळल्याशिवाय नाव पेन्सिलीनंच लिहून ठेवा.

नावावरून शोधता येईल असं एक ठिकाण

दुय्यम निबंधक कार्यालयातली सूची क्रमांक १ ही व्यक्तींच्या नावानं असते. सूची २ मिळकतीनं. बहुतेक जण फक्त सूची २ मागतात. पूर्वजांनी जमीन घेतली, विकली किंवा गहाण ठेवली असेल तर सूची १ मधून वर्षवार शोध करता येतो. त्यात दस्त क्रमांक मिळाला की दस्ताची नक्कल मागा.

स्त्रियांच्या शोधासाठी हक्कसोडपत्रं पाहा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावं वारस म्हणून लागू लागली आणि पाठोपाठ त्यांच्याकडून हक्कसोड करून घेतली जाऊ लागली. व्यवहार म्हणून त्याबद्दल काय वाटायचं ते वाटो, पण आज्या-आत्यांची सासरची नावं आणि गावं एकत्र मिळण्याची इतकी चांगली जागा दुसरी नाही.

जमीनच नव्हती, तर

कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यू नोंदवही, तहसीलला शोधा. इथं अडतं ते जन्माच्या नोंदीत: बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढंच. म्हणून आजोबांच्या नावानं न शोधता त्यांच्या बापाच्या नावानं शोधा आणि त्या बापाची सगळी अपत्यं उतरवून घ्या. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख जुळेलच असं नाही, गुरुजींनी अंदाजानं घातलेल्या तारखा पुष्कळ. मागंपुढं दोन-तीन वर्षं चाळा. मृत्यूच्या नोंदीत नाव असतं, पण बापाचं असेलच असं नाही.

शाळेचं जनरल रजिस्टर, ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा नमुना ८, आणि वतनदार घराण्यांसाठी वतनाच्या, म्हणजे वंशपरंपरेनं चालणाऱ्या गावकामाच्या हक्काच्या, फाईली याही पाहा. १८७४ च्या वतन कायद्याखाली पाटील, कुलकर्णी, महार वतनदारांचा वारसा ठरवताना वंशावळी जोडल्या जात. कुलकर्णी आणि परगणा वतनं १९५० च्या कायद्यानं, महार वतनासह कनिष्ठ गाव वतनं १९५८ च्या आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं गेली. ती खालसा होताना व नंतर जमिनी त्याच घराण्यांना परत देताना (पुनर्प्रदान) झालेल्या कागदांतही सगळ्या भावकीची नावं येतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळव्यांच्या (घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्यांच्या) आणि नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. मागोवा घ्यायला त्या उत्तम, पण सरकारी कागद म्हणून त्यांच्यावर सगळा भार टाकू नका.

मराठवाडा आणि विदर्भ

वरचं बरंचसं जुन्या मुंबई इलाख्याला लागू. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडं, त्यामुळे आधीचे कागद उर्दूत आणि फसली सनात, म्हणजे निजामी महसुली वर्षात. तिथं खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक हे शब्द घेऊन जा. १९५४-५५ च्या आसपासचं खासरा पत्रक हा बहुतेक कुटुंबांचा पहिला मराठी पाया. त्यामागं जायचं तर उर्दू वाचणारा माणूस लागतो, आणि काही कागदांसाठी हैदराबादचं राज्य अभिलेखागार. नागपूर भागात मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारला भरायचा. ती १९५१ मध्ये संपली. तिथं १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, पी-१ आणि बंदोबस्ताची मिसल मागा. वऱ्हाडाचे चार जिल्हे मात्र मुंबईसारखेच रयतवारी (शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा), तिथं अधिकार अभिलेखाऐवजी जुन्या सर्व्हेचे कागद जास्त उपयोगी पडतात.

कोकणात खोती होती, म्हणजे गावाचा सारा खोत वसूल करायचा. खोताचं नाव वर आणि कसणारा खाली, हे लक्षात ठेवून उताऱ्याचे खालचे रकाने आधी वाचा.

मोडी आणि सनावळ्या

मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. नवशिक्यांची चूक होते ती नाव आणि ‘बिन’ यांची सीमा ठरवताना. त्याच वहीतली, त्याच हाताची, तुम्हाला माहीत असलेली नावं आधी ओळखा, गावाचं नाव तर प्रत्येक पानावर असतं, आणि त्यावरून त्या कारकुनाचं वळण बसवा. मोडी वाचक लावलात तर त्याच्याकडून लिप्यंतर ओळीला ओळ घ्या, नुसता सारांश नको. पडताळणीसाठी लागणार असेल तर लिप्यंतर कोणाचं चालेल ते संबंधित कार्यालयाला आधी विचारा.

सन बदलताना: शकात ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. हैदराबादच्या फसलीत ऑक्टोबर ते डिसेंबर ५९०, पुढं ५९१. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. पेशवाईतल्या शुहूर सनाला मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि नंतर ६००. तो शब्दांत आणि उलटा लिहितात, एकक आधी: इसन्ने सबैन मया व अलफ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७२, इसवी १७७१-७२. एवढ्या मागं जाणाऱ्यांसाठी पुणे पुरालेखागारातलं पेशवे दफ्तर आहे, पण तिथं वतनदार, इनामदार आणि शिलेदार सापडतात. साधी रयत फार थोडी.

‘दफ्तर उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर

अर्जात काय मागितलंय ते आधी पाहा. ‘पूर्वजांचे पुरावे मिळावेत’ असा अर्ज फेटाळायला सोपा. मौजे, तालुका, जुना सर्व्हे नंबर, नमुन्याचं नाव आणि वर्षांचा पट्टा एवढं लिहा आणि एका अर्जात एकच नमुना मागा. कार्यालयंही वेगवेगळी: सातबारा, फेरफार, नमुना १४, हक्कनोंद पत्रक तहसीलच्या अभिलेख कक्षात, शेतवार पत्रक, गुणाकार बुक, प्रति बुक, हिस्सा फॉर्म नंबर ४, एकत्रीकरणाचे उतारे भूमी अभिलेखकडं. तहसीलदारांकडं गुणाकार बुक मागितलं तर ‘उपलब्ध नाही’ हे खरंच उत्तर आहे. आकारबंदासाठी फार धडपडू नका, त्यात क्षेत्र आणि आकार असतो, नावं नसतात.

१९०३ च्या हक्कनोंद कायद्यानंतर टप्प्याटप्प्यानं झालेलं पहिलं हक्कनोंद पत्रक हा साधारण शेवटचा सोपा मुक्काम. त्यापलीकडं शेतवार आणि फैसल पत्रक, बहुधा मोडीत.

हेलपाटे घालण्याआधी महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर गाव आणि नमुना निवडून पाहा. तिथंही शोध नंबरानंच होतो. एका गटाचं स्कॅन दुसऱ्याच क्रमांकाखाली चढवलेलं असण्याचा प्रकार होतो, म्हणून मागचा-पुढचा क्रमांकही उघडा. २०२३ पासूनच्या कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत अनेक जिल्ह्यांनी जुनी पानं स्कॅन करून आपापल्या संकेतस्थळांवर टाकली आहेत. तुमचा शोध कुठल्याही जातीचा असला तरी ती पानं चाळा, कारण त्याच पानावर गावातली इतर घराणीही असतात.

तरीही नाहीच म्हणाले तर माहितीच्या अधिकारात नक्कल न मागता गठ्ठ्यांची प्रत्यक्ष पाहणी मागा. पाहणीला जाताना सर्व्हे नंबरांची यादी, पेन्सिल आणि चार्ज केलेला मोबाईल न्या. फ्लॅश बंद ठेवा, खिडकीचा तिरपा उजेड पुसट शाईला बरा पडतो. पानाआधी वहीच्या मुखपृष्ठाचा फोटो काढा, नाहीतर घरी आल्यावर हे पान कुठल्या गावाचं आणि कुठल्या सालाचं हेच कळत नाही. बोटाला थुंकी लावून पानं उलटू नका, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. हवं ते पान सापडलं की पान क्रमांक आणि नोंद क्रमांक टिपून त्याच दिवशी खिडकीवर खऱ्या नकलेचा अर्ज द्या. मोबाईलमधला फोटो कुठंच पुरावा म्हणून चालत नाही, आणि पुढच्या वेळी तो गठ्ठा त्याच फळीवर असेल याची खात्री नसते.